रुद्रभूमीतल्या जुन्या समाध्या, वीरगळ आणि आलेला निधी : सल्ला हवाय

तेरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, काम घाईचं आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. औसा तालुक्यात आमचं गाव. गावाच्या उगवतीला लिंगायत समाजाची जुनी रुद्रभूमी, म्हणजे दफनभूमी आहे. फोटो सोबत जोडलेत. काळ्या दगडाचे चौथरे, वर पिंडी, समोर नंदी, अशा पुष्कळ समाध्या. काहींचं काम इतकं नेटकं की सांध्यात नख जात नाही. कडेला लिंबाखाली काही वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) आणि सती गेलेल्या बाईची एक सतीशिळा आहे. कोपरात वाकलेला हात, मनगटभर बांगड्या, वर चंद्र-सूर्य. एका समाधीच्या पट्टीवर कानडी अक्षरं आहेत, गावात कुणाला वाचता येत नाहीत. दोन चौथरे १९९३ च्या भूकंपात ढासळले, ते तसेच पडून आहेत. एक वीरगळ चांगलाच कललाय.

आता सुशोभीकरणाला निधी आलाय. ठेकेदाराचा बेत असा : जेसीबीनं जागा सपाट करायची, समाध्या अ‍ॅसिडनं धुवायच्या, सांध्यात सिमेंट भरायचं, वरून ऑइलपेंट. ज्यांची ऐपत आहे ते आपापल्या वाडवडिलांच्या चौथऱ्याला ग्रॅनाइट लावणार. वीरगळ उचलून सिमेंटच्या ओट्यावर एका रांगेत. ग्रामसभा तोंडावर आलीय. नुसतं "नको" म्हटलं तर "याला गावाचं चांगलं बघवत नाही" हे ठरलेलंच. मग काय करा म्हणू?

चुनाघाणी

दादा, आधी जेसीबी थांबवा, बाकीचं सावकाश बोलू. आमच्या घरात गवंडीकाम पिढीजात. अ‍ॅसिडनं, सिमेंटनं नासाडी होते, पण तिला वर्षं लागतात. जेसीबीला एक दुपार पुरते. गवतात झाकलेला पायथा, तुटून पडलेलं नंदीचं तोंड, अर्धी पुरलेली शिळा, यातलं ड्रायव्हरला काहीच दिसत नाही. गवत विळ्यानं काढा, गावातल्याच बाया-माणसांना मजुरी मिळेल. आणि पेटवून देऊ नका. उन्हाळ्यात आमच्याकडं ती एक खोडच आहे. तापलेल्या दगडाच्या कपच्या उडतात, कोरीवकाम असलं तर तेच आधी जातं.

चौथऱ्याच्या सांध्यातून पिंपळ-उंबर आला असंल तर उपटू नका. मुळी आत पसरलेली असते, ओढली की दगड घेऊनच बाहेर येते. दगडासरशी कापा, ताज्या कापावर तणनाशक ब्रशनं लावा, फवारू नका. मुळी वाळून सैल झाली की मग काढायची आणि पोकळीत चुना भरायचा.

सिमेंटला माझा विरोध का, तर ते परत निघत नाही. चुन्याचा दर्जा खराब निघाला तर खरवडून पुन्हा भरता येतो. सिमेंट काढायला छिन्नी घेतली की दगडाच्या धारा तुटतात. जुन्या दगडाची किंमत त्या धारेत असते.

काळीमाती

परभणीत भूशास्त्र शिकवते. वरच्या काकांच्या म्हणण्याला थोडी जोड देते.

"काळा पाषाण आहे, त्याला काय होतंय" असं सगळे म्हणतात. आपला बसाल्ट टणक आहे यात वाद नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. पण सगळे थर सारखे नाहीत. काही दगड घट्ट, बारीक कणांचे, घणानं ठोकला तर खणखणतात. काहींत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि त्यांत नंतर पांढरी खनिजं भरलेली, झिओलाइट, कॅल्साइट. गावातले कारागीर अशा दगडाला हात लावायच्या आधीच ओळखायचे. तुमच्या फोटोतला नंदी याच जातीचा दिसतोय, अंगावर पांढरे ठिपके आहेत बघा.

आता यावर फरशी धुवायचं अ‍ॅसिड ओतलं की कॅल्साइट फसफसून निघून जातं आणि नंदीला देवी आल्यासारखे खड्डे पडतात. दगडातल्या लोहाला अ‍ॅसिड लागलं की तांबूस डाग उमटतात, ते जन्माचे. वर क्षार आत राहतात. पावसात विरघळायचे, उन्हात पृष्ठभागाजवळ येऊन स्फटिक बनायचे, आणि दरवर्षी थोडा पापुद्रा सुटायचा.

धुवायचंच असेल तर साधं पाणी, नायलॉनचा किंवा काथ्याचा मऊ ब्रश आणि सबुरी. तारेचा ब्रश नको, ग्रायंडर नको, गाड्या धुवायचा प्रेशरपंप नको. दगडफूल कोरडं खरवडू नका. त्याचे तंतू दगडाच्या कणांत शिरलेले असतात, कोरडं ओढलं की कण सोबत येतात. भरपूर भिजवा, फुगू द्या, मग लाकडी पट्टीनं हळू काढा. खरं म्हणजे जिथं कोरीवकाम नाही तिथं दगडफूल राहिलं तर बिघडत काय?

कललेल्या वीरगळाचं खापर लोक १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपावर फोडतात. एखाद्या वेळी खरंही असेल. पण मला मातीचा संशय जास्त आहे. काळ्या मातीतली चिकणखनिजं पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतात, एप्रिल-मे मध्ये आटून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी शिळा केसभर वर, केसभर खाली, आणि ज्या बाजूला पाणी साचतं त्या बाजूला जास्त. शंभर पावसाळे झाले की ती झुकणारच. म्हणून सिमेंटच्या ओट्याचा बेत तर दुप्पट वाईट. ओटाही त्याच मातीवर उभा राहणार, तडकणार, आणि तडकताना वीरगळाला मधोमध धरून तडकणार.

उगीचच

ग्रॅनाइट लावलं की त्यावर देणगीदाराचं नाव मोठ्या सोनेरी अक्षरात येणार. खाली निजलाय त्याचं जाणार. आमच्या गावात झालंय.

निलंगेकर

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका, पण हे सगळं शहरातून बोलणं सोपं आहे. तिथं माझ्या पणजोबाची समाधी आहे. ती आमच्या घरची आहे, म्युझियमची नाही. दर श्रावणात आम्ही जातो, पाणी घालतो, बेल वाहतो. चौथरा फुटलेला, कुत्री बसलेली, हे बघून आम्हाला काय वाटत असंल? टाइल लावली तर झाडून घेता येतं, स्वच्छ राहतं.

आणि सिमेंटला शिव्या घालणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागात माणसं मेली ती दगडाच्या भिंतींखाली. मातीत रचलेल्या हात-दोन हात रुंद भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं. झोपेतली लेकरं दगडाखाली गेली. त्यानंतर आमच्याकडं दगड म्हटलं की माणूस बिचकतो आणि सिमेंट म्हटलं की निर्धास्त होतो. याला अडाणीपणा म्हणू नका.

चुनाघाणी

निलंगेकर भाऊ, अडाणी कुणी म्हटलं नाही. तुमचं दुसरं म्हणणं सोळा आणे खरं. मीही त्या ढिगाऱ्यांत काम केलंय. पण त्या भिंतींत गोल धोंडे होते, सांधायला चिखल होता, दोन पापुद्र्यांना बांधणारा आडवा दगड नव्हता. समाधीचा चौथरा म्हणजे घडीव चिरा, एकावर एक बसवलेला, गुडघ्याएवढा उंच. त्याच्याखाली कोण दबणार? घराला सिमेंट-लोखंड लावा, लावायलाच पाहिजे. चौथऱ्याला त्याची गरज नाही.

टाइलचं सांगतो. टाइलखाली सिमेंटचा थर. जमिनीतली ओल वर चढते, तिला बाहेर पडायला वाट नाही. मग टाइल पोकळ वाजायला लागते, सुटते, आणि दुसऱ्या खेपेला लावताना मिस्त्री खालचा चिरा टाचून घेतो, माल धरावा म्हणून. तिसऱ्या खेपेला चिरा उरत नाही.

अंबाजोगाईची_माई

मी यातली जाणकार नाही, पण आमच्या आळीतल्या जुन्या समाधीच्या कामात पुढं होते, म्हणून बोलते. तेरणाकाठ बाळा, तू चुकीच्या जागी भांडायला निघालास. निधी आलाय म्हणजे तो खर्च होणारच. खर्च झाला नाही तर परत जाईल, आणि परत गेला तर दोष तुझ्या माथी. शिवाय उद्घाटनाला काहीतरी दिसायला पाहिजे, फोटो निघायला पाहिजे. मग जे दिसायचं ते दगडाच्या भोवती दिसू दे, दगडावर नको.

कुंपण कर, गुरं चौथऱ्याला अंग घासतात ते थांबेल. फाटकाला कमान कर, त्यावर काय रंग लावायचा तो लावा, अगदी सोनेरी लावा. आत चालायला फरशीची वाट कर, पण समाध्यांपासून अंतर ठेवून. पाण्याची टाकी, हात धुवायला नळ, मयतीला आलेल्यांना बसायला सावलीचं शेड, रात्रीच्या मातीला दिवे. याची गरज खरीच आहे. मे महिन्यात मातीला गेल्यावर बायकांना टेकायला जागा नसते, हे कुठल्याच सदस्याला आठवत नाही. यातच बहुतेक पैसे संपतील आणि कुणाचं मन दुखणार नाही.

निलंगेकर, तुमच्या पणजोबाला पाणी घालायला कोण नको म्हणतंय? घाला. तेल-तुपाचं मात्र समोर वेगळा छोटा दगड ठेवून त्यावर करा. आम्ही तसंच केलं. म्हातारी माणसं पहिल्या वर्षी कुरकुरली, आता नवी मुलं तोच मूळ दगड समजतात.

शिलालेखवेडा

माईंना साष्टांग. हा सल्ला आधी मिळाला असता तर किती तरी जागा वाचल्या असत्या.

माझा विषय तो कानडी लेखाचा दगड. कृपा करून त्यावर खडू, पीठ, हळद, काही चोळू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक तसं करतात आणि प्रत्येक चोळण्यात अक्षराची कड झिजते. रात्री जा, एकाला बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायला सांगा. दिवसा न दिसणारी वेलांटीसुद्धा सावली टाकून उभी राहते. बॅटरी चारही बाजूंनी फिरवून फोटो घ्या. एक अक्षर एका बाजूच्या उजेडात वाचता येतं तर दुसरं दुसऱ्या. फोटोत मोजपट्टी ठेवा. कागदी ठसा घ्यायचं काम मात्र शिकलेल्या माणसाचं, ओला कागद ब्रशनं ठोकून वर शाई लावतात, चुकलं तर शाई दगडात जाते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची कानडी-संस्कृत लेखांची शाखा म्हैसूरला आहे, फारसी-अरबीची नागपूरला. चांगले फोटो असतील तर वाचन मिळवण्याची खटपट घरबसल्या सुरू करता येते. लातूर-धाराशिव-नांदेड पट्ट्यात जुने कानडी लेख नवलाचे नाहीत, चालुक्यांच्या काळात इथला कारभार त्या भाषेतही चालायचा. पण तुमचा लेख जुनाच असेल असं धरून चालू नका. समाधीवरचा आहे म्हणजे अलीकडचाही असू शकतो, आणि तसा असला तरी तितकाच मोलाचा.

वीरगळांचं म्हणाल तर प्रत्येक चौकट वेगळी टिपा. खाली बहुतेकदा लढाई किंवा गाई पळवण्याचा प्रसंग, मध्ये अप्सरा वीराला वर नेतात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. खालच्या चौकटीत गाई आहेत का तेवढं आधी बघून सांगाल का? गोधनासाठी मेलेला माणूस असेल तर तो बहुधा याच शिवारातला.

तेरणाकाठ

आज जाऊन बघितलं. एका वीरगळावर गाई आहेत! शेंदराखाली शिंगं चाचपडून लागली. पण शेंदराचा थर इतका जाड आहे की चेहरे सगळे गुळगुळीत झालेत. हा काढावा का?

शिलालेखवेडा

पूजा चालू आहे का त्याची? असेल तर हात लावू नका. गावानं त्याला देव केलंय. तेलातला शेंदूर थरावर थर चढून कवच होतो, आतलं कोरीवकाम बऱ्याचदा शाबूत असतं. कधीकधी कवच आपोआप सुटतं, तोवर दम धरा. दिव्याची ज्योत लावून वितळवायचा उद्योग तर मुळीच नको.

खुलताबादी

दगडापेक्षा चुन्याच्या गिलाव्याचे हाल आमच्याकडं जास्त बघायला मिळतात, म्हणून थोडं लिहितो. खुलताबादेत १६२६ साली वारलेल्या मलिक अंबरची कबर आहे, औरंगजेबाची साधी उघडी कबर आहे, निझामाच्या घराण्यातला पहिला आसफजाह इथंच आहे. मोठ्या नावांच्या जागांकडं निदान कुणाचं तरी लक्ष असतं. त्यांच्या आसपास नाव-गाव नसलेल्या कितीतरी कबरी आणि छोटे घुमट आहेत, त्यांची डागडुजी श्रद्धेनं होते, म्हणजे हिरवा ऑइलपेंट आणि सिमेंट. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइलपेंट मारला की दोन पावसाळ्यांत फुगे धरतात, फुग्यासकट गिलावा खाली, आणि गिलाव्यात कोरलेली जाळी-फुलं त्याच्यासोबत मातीत. तुमच्या समाध्यांवर कुठं जुन्या चुन्याचा अंश दिसला तर खरवडू नका. बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवरी असला तरी बाकीचा बराच डौल चुन्याच्या गिलाव्याचाच आहे, हे लोक विसरतात.

मराठवाड्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निझामाच्या खर्चानं ठेवलेल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या छावण्या होत्या, हिंगोली, जालना, मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई. तिथल्या गोऱ्या सायबांच्या जुन्या कबरींवर संगमरवरी पाट्या दिसल्या तर त्यांना अ‍ॅसिड दाखवूसुद्धा नका. बसाल्टला डाग पडतो, संगमरवर सरळ विरघळतो, हात लावला तर साखरेसारखा कण सुटतो. दक्षिण आशियातल्या अशा युरोपीय दफनभूमींसाठी १९७६ पासून एक ब्रिटिश संस्था काम करते, स्थानिक कामांना थोडीफार मदतही देते. त्यांचं बघायला कुणीतरी आहे. तुमच्या-आमच्या गावातल्यांचं आपणच बघायचं.

सातबारा

कायद्याचं थोडक्यात. आधी जागेचा उतारा काढा. गावठाण, गायरान, समाजाच्या नावची की कुणाच्या खाजगी मालकीची, त्यावर ठराव कुणी करायचा ते ठरतं. संरक्षित स्मारकाच्या यादीत नसेल (बहुधा नाहीच) तर १९५८ च्या केंद्राच्या किंवा १९६० च्या राज्याच्या कायद्याची परवानगी लागणार नाही. पण जवळपास केंद्रसंरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगी, तेव्हा शेड-कमानीआधी बघून घ्या. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. वीरगळ कुणी फार्महाउसच्या बागेत न्यायला मागेल, मागतातच, तर ग्रामसभेच्या ठरावात "एकही शिळा जागेवरून हलवू नये" हे वाक्य घालून ठेवा. हीच तुमची कुलूपकिल्ली.

काळीमाती

आणि हलवायचीच वेळ आली, म्हणजे कललेला वीरगळ सरळ करायचा तर असं करा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि जमिनीची खूण. साखळी नको, नायलॉनचे रुंद पट्टे आणि मध्ये पोत्याची गादी. तिवई लावून उचला. खालची काळी माती खोलवर काढा, तिथं मुरूम थराथरानं ठोकून भरा, वर जाड वाळू. शिळेचा मूळ जो भाग जमिनीत होता तेवढाच परत जमिनीत. तो ओळखू येतो, खालचा भाग बिनघडीचा असतो. पाणी शिळेपासून लांब वाहील असा उतार द्या. बाजूला चर असेल तर निम्मं काम तिथंच झालं. तुटलेल्या दगडाला लोखंडी सळई घालून जोडू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून दगड फोडतं. जोडायलाच लागलं तर स्टेनलेस स्टील, तेही जाणकाराकडून. न जोडता वाळूवर आडवा ठेवला तरी चालतो.

पावसाळ्यात उकरू नका. दिवाळी ते शिवरात्र हा काळ बरा.

तेरणाकाठ

ग्रामसभा झाली. कालपर्यंत झोप नव्हती, म्हणून आजच लिहितो.

माईंचा सल्ला कागदावर उतरवून वाचला, त्यात पाण्याच्या चराची भर घातली. कुंपण, कमान, फरशीची वाट, शेड, नळ, दिवे, चर. सरपंचांना कमान आवडली, त्यामुळं बाकीचं सोपं गेलं. जेसीबी आत न्यायचा नाही हे ठरलं. वीरगळ जागेवर राहणार. सातबारा साहेबांचं वाक्य ठरावात आलंय. ठेकेदाराचं तोंड पडलं होतं, पण शेडचं काम त्यालाच आहे म्हटल्यावर गप्प बसला.

सगळं मनासारखं झालं असं नाही. दोन घरांनी ग्रॅनाइट आधीच आणून ठेवलंय, ते लावणारच म्हणतात. त्यांना अडवायचा हक्क मला नाही. मी एवढंच म्हटलं की चौथऱ्याला चिकटवू नका, समोर मोकळ्या जागेत नावाची पाटी म्हणून उभी करा. एक घर तयार झालंय.

कानडी अक्षरांचे फोटो रात्री काढले. शाळेतली पोरं बॅटरी धरायला आली होती. पट्टीच्या शेवटी एक ओळ दिवसा कधीच दिसली नव्हती. पाठवतो.

निलंगेकर

मी होतो सभेला. बोललो नाही. पणजोबाचा चौथरा चुन्यानं बांधायचा तर खर्च किती, आणि चुना मिळतो कुठं आता? बाजारातल्या पुडीतला चालतो का?

चुनाघाणी

पुडीतला रंगाचा चुना बांधकामाला चालत नाही भाऊ. भट्टीचा कळीचा चुना आणायचा, हौदात विझवायचा, गाळून निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. जितका जुना तितका लोण्यासारखा. पूर्वी आपल्याच काळ्या रानातली चुनखड वेचून भाजायचे, आता भट्ट्या राहिल्या नाहीत. मग एक भाग चुना, दोन भाग धुतलेली वाळू, एक भाग सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. काही जण गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा घालतात. वडील घालायचे, मीही घालतो, पण मळणी नीट नसेल तर गूळ घालून उपयोग नाही. चुना मळायची घाणी नसली तर उखळात कुटा, घाम आला पाहिजे. भरल्यावर ओलं पोतं टाकून ठेवायचं, उन्हात वाळू द्यायचं नाही.

एका चौथऱ्याला सामान फार लागत नाही, चिरे तुमचेच आहेत, पडलेत तिथं शोधा. मजुरी लागेल. औशात तसा मिस्त्री सापडला नाही तर मी येतो, माझा चुना आधीच हौदात पडलाय. फक्त सुरखीसाठी जुन्या विटा तुम्ही जमवून ठेवा. नव्या भट्टीच्या, जास्त भाजून काळ्या पडलेल्या आणू नका.

निलंगेकर

पाडलेल्या वाड्याच्या आहेत घरी, पांढऱ्या मातीत थापलेल्या, चपट्या. चालतील?

चुनाघाणी

त्याच पाहिजेत.